‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलेल्यांचे काय?

छातीचा एक्स-रे काढला, यंत्राने तो मिनिटाभरात वाचला, ‘नॉर्मल’ असा शेरा आला आणि माणूस घरी गेला. क्षयरोगाच्या तपासणी शिबिरांत हल्ली असे होऊ लागले आहे आणि बहुतेक वेळा तो शेरा बरोबरही असतो. माझा प्रश्न उरलेल्या वेळांबद्दल आहे. घरी गेलेला तो माणूस खरोखर निरोगी होता का, हे नंतर कोण पाहते?

आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे बोलीभाषेतले एआय, दवाखान्यात आल्यावर चर्चा दोनच टोकांना होते. एक म्हणतो, आता डॉक्टरांची गरजच उरणार नाही. दुसरा म्हणतो, मशीनच्या हाती जीव द्यायचा का? मी डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. पण वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. तपासणारा कितीही हुशार असो, त्याच्या तपासणीचीही तपासणी लागते.

आधी यंत्राची बाजू मांडते, कारण ती भक्कम आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी झाली. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुटले असते. त्यांना सांगण्यासारखा खोकला-ताप नव्हता. म्हणजे नुसते ‘दोन आठवडे खोकला आहे का?’ असे विचारून क्षयरोग सापडत नाही, एक्स-रे लागतो. आणि लाखो एक्स-रे वाचायला तेवढे रेडिओलॉजिस्ट आणायचे कुठून? या अडचणीतून यंत्र आले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये देशात शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि त्यांच्या जोडीला एआय वस्त्यांपर्यंत गेले. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जगातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक, क्युअर डॉट एआय, आपल्या मुंबईचीच. २०१६ साली सुरू झालेली.

तिची परीक्षाही झाली आहे. ढाक्यात सुमारे २४ हजार लोकांच्या एक्स-रेवर पाच वेगवेगळी सॉफ्टवेअर तपासली गेली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली आणि मुंबईचे सॉफ्टवेअर त्यात वरच्या रांगेत होते. अभिमान वाटावा असेच आहे. पण त्याच अभ्यासात पुढे आणखी एक गोष्ट होती, जिची जाहिरात कुणी करत नाही. वयस्कर माणसे आणि ज्यांना आधी क्षयरोग होऊन गेला आहे अशी माणसे यांच्याबाबतीत पाचही सॉफ्टवेअरची कामगिरी घसरली. जुन्या आजाराचे व्रण आणि नवा आजार यांत फरक करणे यंत्राला जड जाते.

आता गोवंडी, मानखुर्द, भांडुपचे डोंगर, घाटकोपरच्या चाळी डोळ्यांसमोर आणा. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, एका खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. इथे घराघरात कुणाला ना कुणाला आधी टीबी होऊन गेलेला असतो. म्हणजे यंत्र जिथे कच्चे आहे, नेमके तेच लोक आपल्याकडे जास्त.

यंत्र काम कसे करते हे थोडे समजून घेऊ, कारण देखरेखीचा सगळा प्रश्न त्यात आहे. सॉफ्टवेअर ‘टीबी आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणत नाही. ते गुण देते, शून्य ते शंभर म्हणा. मग कुणीतरी एक रेघ ठरवलेली असते. रेघेच्या वर गेलात तर संशयित, मग थुंकीची तपासणी. ती गोव्याच्या कंपनीने बनवलेल्या ट्रूनॅटवर होते किंवा तशाच दुसऱ्या यंत्रावर. रेघेच्या खाली राहिलात तर नॉर्मल, घरी जा. ही रेघ कुणी आखली? आमच्याकडे पासिंग ३५ वर ठेवायचे की ४० वर, हे उत्तरपत्रिका ठरवत नाही, मंडळ ठरवते. रेघ खाली आणली तर जास्त माणसे थुंकीच्या तपासणीला जातात, खर्च वाढतो. वर नेली तर खर्च वाचतो आणि काही रुग्ण निसटतात. यात विज्ञान आहे, पण पैशांचा हिशेबही आहे, आणि तो हिशेब माणूसच करतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ही रेघ त्या त्या ठिकाणची परिस्थिती पाहून ठरवायला सांगितले आहे. आपल्या वॉर्डात ती किती आहे, हे विचारलेले मी अजून कुणाला पाहिलेले नाही.

आणि आता खरी गोम. रेघेच्या वर गेलेल्यांची आपोआप फेरतपासणी होते. थुंकीत जंतू सापडला नाही तर यंत्राने उगाच घाबरवले, हे लगेच कळते. पण रेघेच्या खाली राहिलेल्यांना पुन्हा कुणी बोलावतच नाही. तिथे झालेली चूक कुठल्याच वहीत चढत नाही. म्हणून यंत्राच्या कामगिरीचे आकडे सुंदर दिसतात. सापडलेल्यांची यादी असते, निसटलेल्यांची नसतेच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीला महिनोन्‌महिने खोकला होता. आमच्या शाळेत पालकांना इंग्रजी रिपोर्ट वाचून दाखवणे हे आम्हा शिक्षिकांचे बिनपगारी काम असते, त्यामुळे तिची चिठ्ठी माझ्याकडे आली. कुठल्याशा शिबिरातली होती, त्यावर ‘नॉर्मल’ छापलेले. “मशीन ने बोला है कुछ नहीं है, मॅडम,” ती म्हणाली. तिला हायसे वाटले होते, कारण घरात लग्नाची मुलगी होती आणि टीबीचे नाव निघाले की रिश्ते मागे फिरतात, हे आपल्या समाजात कुणाला सांगायला नको. दोन महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात थुंकी तपासली, तेव्हा टीबी निघाला. तोपर्यंत घरातल्या धाकट्यालाही औषधे सुरू करावी लागली. यंत्र चुकले, की त्या दिवशी छातीत दिसण्यासारखे काही नव्हतेच, हे आज कुणीच सांगू शकत नाही. ती फिल्म पुन्हा कुणी उघडलीच नाही. मला जो संताप येतो तो यंत्राचा नाही, या न उघडण्याचा आहे.

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांचे काय होते ते पाहा. परीक्षक तपासतो. त्याच्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका मॉडरेटर पुन्हा पाहतो, आणि तो फक्त पास झालेल्यांच्या काढत नाही, नापासांच्याही काढतो. शिवाय विद्यार्थ्याला गुणपडताळणी मागता येते, छायाप्रत मागता येते, त्यानंतर पुनर्मूल्यांकन मागता येते. तीन तासांच्या पेपरसाठी एवढा बंदोबस्त आहे. फुप्फुसासाठी मॉडरेटर का नको?

खर्चाचा मुद्दा लगेच येईल. रेडिओलॉजिस्ट नाहीत म्हणूनच यंत्र आणले आणि आता तेच एक्स-रे पुन्हा रेडिओलॉजिस्टकडे पाठवायचे? सगळे नाहीत. ‘नॉर्मल’ ठरवलेल्या शंभरांतले पाच, चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे, आणि यंत्राचा शेरा झाकून एखाद्या अनुभवी डॉक्टरने वाचावेत. साठीपुढचे आणि पूर्वी टीबी होऊन गेलेले, यांचे मात्र सगळे. आणि ‘नॉर्मल’ येऊनही खोकला थांबला नाही, तर महिन्याने परत यायचे, हे चिठ्ठीवरच छापावे. एवढ्याने कुठल्याही महापालिकेचे दिवाळे निघणार नाही.

“पण शेवटी डॉक्टर बघतातच ना?” हे उत्तर मला नेहमी मिळते. यावरही अभ्यास झालेला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टना स्तनांचे एक्स-रे वाचायला दिले आणि सोबत एआयचे मत दिले. काही ठिकाणी ते मत मुद्दाम चुकीचे ठेवले होते. एआय बरोबर असताना नवखे डॉक्टर दहांपैकी आठ वेळा बरोबर होते. एआय चुकल्यावर दहांपैकी दोनच वेळा. मुरलेल्या डॉक्टरांचेही ८२ टक्क्यांवरून ४५ च्या आसपास आले. पडद्यावर आधीच उत्तर लिहिलेले असेल तर माणूस त्याच्याविरुद्ध जायला कचरतो. आम्ही शिक्षक हे ओळखतो. आधीच्या परीक्षकाचे गुण समोर दिसत असतील तर मॉडरेटरचा हातही तिकडेच वळतो. आपल्या सार्वजनिक रुग्णालयातल्या डॉक्टरपुढे सकाळी शंभरावर माणसे असतात. एका रुग्णाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. त्या दोन मिनिटांत तो यंत्राशी हुज्जत घालेल, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. ‘डॉक्टर बघतात’ हे कागदावरचे वाक्य झाले. डॉक्टरला बघायला वेळ दिला असेल तरच तिला देखरेख म्हणता येईल.

परदेशात सगळे ठीक चालले आहे, असाही गैरसमज नको. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत रक्तातल्या जंतुसंसर्गाची, म्हणजे सेप्सिसची, आगाऊ सूचना देणारे एक सॉफ्टवेअर वापरात होते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या रुग्णालयातल्या सुमारे २७ हजार ७०० रुग्णांवर ते तपासले आणि २०२१ मध्ये सांगितले की सेप्सिस झालेल्या तिघांपैकी दोघांना ते ओळखतच नव्हते. कंपनीचे आकडे वेगळे होते. बाहेरच्या माणसाने आपल्या रुग्णांवर तपासेपर्यंत हे कळले नाही. दुसरे उदाहरण २०१९ चे. कुणाला जास्त काळजीची गरज आहे हे ठरवणाऱ्या एका सॉफ्टवेअरने आजाराचे माप म्हणून ‘आजवर झालेला खर्च’ धरला होता. काळ्या लोकांवर कमी खर्च झालेला, म्हणून ते जास्त आजारी असूनही यंत्राला तंदुरुस्त दिसले. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. त्याला दिलेल्या आकड्यांत जुना अन्याय मुरलेला होता. आपल्या वस्तीतल्या ज्या बाईने आयुष्यभर कोपऱ्यावरच्या डॉक्टरचे दहा रुपयांचे औषध घेतले, जिची कुठल्याच संगणकात नोंद नाही, तीही अशा यंत्राला ठणठणीतच दिसेल.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही. डॉक्टर आणि रुग्णाचे बोलणे ऐकून केसपेपर आपोआप लिहिणारी सॉफ्टवेअर आता आली आहेत. डॉक्टरचा लिहिण्याचा वेळ वाचतो, तो रुग्णाकडे पाहू शकतो, चांगलेच आहे. पण ओपीडीत माणसे बोलतात कशी? “हाथ-पैर टूट रहे हैं.” “पेट चल रहा है.” “जी घबरा रहा है.” मराठी आजी म्हणेल, “अंग मोडून आलंय, पाठ धरलीय.” कोकणी मुसलमानाची बोली वेगळी, सोलापूरकडून आलेल्या दखनीची वेगळी, आझमगढकडच्यांची वेगळी, आणि मुंबईत हे तिघे एकाच बाकड्यावर बसलेले. हात-पाय तुटताहेत याचे इंग्रजी कागदावर काय उतरेल? हाडाच्या डॉक्टरकडे पाठवतील की ताप मोजतील? ऐकलेले लिहून काढणाऱ्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरवर २०२४ मध्ये अभ्यास झाला. ध्वनिमुद्रणाच्या साधारण शंभर तुकड्यांपैकी एकात त्याने कुणी न बोललेली वाक्ये स्वतःच घातली होती. तेही इंग्रजीत, जी त्याची सर्वांत पक्की भाषा! आमच्या बाकड्यावरच्या भाषांची अशी परीक्षा कुणी घेतली आहे, हे कंपनीने दाखवावे. मगच ते सॉफ्टवेअर सायन-घाटकोपरच्या ओपीडीत बसवावे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना काही शब्द दोन्हीकडे भेटतात. उर्दूतला ‘ज़ामिन’ मराठीत ‘जामीन’ होऊन कोर्टात गेला. मूळ अर्थ, नुकसान भरून देण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो. इस्लामी फिक़्हमध्ये वैद्यक न शिकता उपचार करणाऱ्याला नुकसानीचा ज़ामिन धरले आहे. इ.स. ९३१ मध्ये बगदादमध्ये वैद्याच्या चुकीने एक माणूस दगावल्याची खबर खलिफा अल-मुक्तदिरपर्यंत गेली. त्याने सिनान इब्न साबितला शहरातल्या वैद्यांची परीक्षा घ्यायला सांगितले, आणि आठशेहून अधिक वैद्य त्या परीक्षेला बसल्याचे इतिहासकार नोंदवतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही उपचार करणाऱ्याला बाहेरच्या माणसाने तपासावे लागते, हे कळत होते. मग यंत्राचा ज़ामिन कोण? कंपनी म्हणते, आम्ही फक्त मदत करतो, निर्णय डॉक्टरचा. डॉक्टर म्हणतो, मशीन वरून आले, मी निवडले नाही. रुग्णालय म्हणते, कंत्राट आरोग्य खात्याचे.

दुसरा शब्द ‘अमानत’. मराठीने तिची अक्षरे उलटसुलट केली आणि ‘अनामत’ झाली. दवाखान्यात दाखल करताना अनामत रक्कम घेतात आणि पावती देतात. आपला एक्स-रे, रक्ताचा रिपोर्ट, आपला आवाज, हीही अनामतच आहे. ती कुणाच्या सर्व्हरवर जाते, तिच्यावर पुढचे सॉफ्टवेअर शिकवले जाते का, याची पावती मात्र मिळत नाही. २०२३ साली खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण काउंटरवरच्या बाईला आणि रांगेतल्या माणसाला त्याची खबर नाही.

कायदे-नियम अगदीच नाहीत असे नाही. निदान करणारे सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरण मानले जाईल, अशी अधिसूचना केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये काढली, म्हणजे ते औषध नियंत्रकांच्या कक्षेत आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, मार्च २०२३ मध्ये आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत रुग्णाची संमती, जबाबदारी, भेदभाव न करणे सगळे आहे. पण ती तत्त्वे आहेत, कायदा नाही. आणि उपकरणाला परवाना मिळणे म्हणजे ते कारखान्यातून नीट बाहेर पडले एवढेच. आपल्या दवाखान्यात, आपल्या माणसांवर, सहा महिन्यांनी ते कसे चालते हे परवाना सांगत नाही. ते पाहायला रुग्णालयातच नाव-हुद्द्यासकट एक माणूस लागतो. संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. इंग्रजी फॉर्मवर उर्दूत केलेली सही यात कुठे बसते, हा प्रश्न एआयच्या आधीचाच आहे.

बाहेरून आणलेल्या गोष्टीवर देखरेख नसली की काय होते, ते मुलुंडकरांना परक्या उदाहरणातून समजावण्याची गरज नाही. आपल्याच पालिका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एका ट्रस्टमार्फत नेमलेल्या काही डॉक्टरांकडे आवश्यक पदवीच नव्हती, असा आरोप झाला आणि २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. खरे-खोटे न्यायालय ठरवेल. पण माणसाची पदवी तपासणे तर सोपे काम, कागद मागायचा आणि पाहायचा. तेही वेळेवर झाले का, असा प्रश्न जिथे उभा राहतो, तिथे सॉफ्टवेअर कोण तपासणार?

म्हणून मी शिक्षकाला जमेल तेवढे करायचे ठरवले आहे. वाचकांपैकी कुणालाही ते करता येईल. खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ च्या महाराष्ट्राच्या नियमांनी बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर विचारा, आणि दिसली तर तिच्याखाली उभे राहून विचारा की माझा एक्स-रे माणसाने वाचला की यंत्राने. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांसाठी माहितीचा अधिकार आहे. माझ्या अर्जात पाच प्रश्न आहेत. आपल्या विभागात छातीचे एक्स-रे वाचायला कोणते सॉफ्टवेअर वापरले जाते? संशयित ठरवण्याची रेघ किती गुणांवर ठेवली आहे आणि ती कुणी ठरवली? ‘नॉर्मल’ ठरवलेल्यांपैकी किती एक्स-रे गेल्या वर्षभरात डॉक्टरांनी पुन्हा वाचले आणि त्यांत किती चुका निघाल्या? रुग्णाला यंत्राच्या वापराची माहिती कोणत्या भाषेत दिली जाते? चूक झाल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा काय? अर्ज मराठीत चालतो, फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. पाचही प्रश्न तेवढ्यात बसतात, मी मोजून पाहिले. आठवीच्या मुलींकडून त्याची उर्दू प्रतही करून घेतली आहे, ज्यांना हवी त्यांनी मागून घ्यावी.